उसवून बघितलं काय?

जरीना नदाफांनी गादीच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं आणि दारात थांबलेल्या माणसाकडं मान वर न करताच म्हटलं,

"चपला भाईर काढा. आत कापूस हाय."

बावडेकर सरांनी बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते त्यांनी दुसऱ्या पायाखाली झाकलं. शर्टाच्या खिशात चार पानी उत्तर होतं. टाइप केलेलं, मुद्देसूद, खाली झोकदार सही. ते बाईंना वाचून दाखवायचं, त्यांची चूक त्यांच्याच तोंडून कबूल करून घ्यायची आणि संध्याकाळी प्रकाशकाकडं धाडायचं, असा बेत करून ते गंगावेशीमागच्या या गल्लीत आले होते.

सर कॉलेजात मार्केटिंग शिकवत. 'गिऱ्हाईक जिंकताना' हे त्यांचं पुस्तक वर्षभरात संपलं होतं आणि सोमवारी दुसरी आवृत्ती छपाईला जायची होती. तेवढ्यात हे निघालं. जरीनाबाईंची नात अर्शी कॉमर्सला होती. तिनं आणलेलं पुस्तक आजीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तेही हातात पेन्सिल घेऊन. पान बारावर लिहिलं होतं, 'लई बोलतो.' पान एकतीसवर, 'हे गिऱ्हाइकाला सांगून बघा, फडक्यानं हाणंल.' आणि पान चौऱ्याऐंशीवर सरांनी लिहिलं होतं: 'कोल्हापुरात एक गादीचं दुकान आहे. दारावर पाटी नाही, मालावर नाव नाही. तीन पिढ्या धंदा करूनही हे दुकान कुणाच्या आठवणीत नाही. असा धंदा जिवंतपणीच मेलेला असतो.' त्याच्या कडेला पेन्सिलीनं दोनच शब्द जास्त दाबून लिहिले होते: 'खोटं हाय.' आणि खाली, 'उसवून बघितलं काय?'

अर्शीनं त्या पानाचा फोटो टाकला आणि गावाला चघळायला विषय मिळाला. स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडायला लागलं, तरी कोपऱ्यातून कुणीतरी विचारी, "उसवून बघितलं काय?" सर वरवर हसत. घरी मात्र जेवण जात नव्हतं. प्रकाशक विश्वजित स्पष्टच म्हणाला होता, "सर, उत्तर द्या. पहिल्या पानावर छापू. न्हाईतर दुसरी आवृत्ती कोण हातात धरणार न्हाय."

"मी बावडेकर," सर म्हणाले. "ते पुस्तक..."

"वळखलं की. तीन सालांमागं दोन दिवस समोर च्या पीत बसलेला तुमीच न्हवं? वहीत काय काय लिवत हुता. मला वाटलं महापालिकेचा माणूस हाय." बाईंनी कात्रीनं एक पोतं दाखवलं. "बसा. ह्या शिरोळच्या तानाबाई. ह्यांचं काम चाललंय, ते हुंदे आदी."

पोत्याशेजारी सत्तरीकडं झुकलेल्या तानाबाई पदर सावरून बसल्या होत्या. त्यांनी सरांकडं बघून मान हलवली आणि त्या पुन्हा गादीकडं बघायला लागल्या. एखाद्याचं ऑपरेशन चाललेलं असावं तसं त्या बघत होत्या.

शिवण उसवली. जरीनाबाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला, उशाकडच्या कोपऱ्यात चाचपलं आणि कापसातून कापडाची एक पट्टी ओढून काढली. वीतभर रुंद, हातभर लांब, पिवळी पडलेली. तिच्यावर तपकिरी-काळी अक्षरं होती.

"वाचा भाभी," तानाबाई हळूच म्हणाल्या.

जरीनाबाईंनी चष्मा खाली ओढला.

"'एकोणीसशे ब्याऐंशी. तानाबाई, शिरोळ. पहिलं बाळंतपण. कापूस सात किलो. कंबर दुखते, मधी जादा भरला.' हे माझ्या सासऱ्यांचं अक्षर. 'दोन हजार पाच. पुरात भिजली. निम्मा कापूस नवा. मालक गेले, आता एकट्या झोपतात, रुंदी कमी केली.' हे आमच्या ह्यांचं, गौस नदाफांचं. आन हे माझं. 'दोन हजार एकोणीस. पुन्ना पूर. कापूस सगळा नवा, खोळ नवी. पट्टी जुनी.'"

तानाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रडत नव्हत्या त्या. भरलेल्या घरात कुणी नावानं हाक मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सरांचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. कापूस नवा, खोळ नवी. मग त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं या गादीत उरलं काय? तर ही हातभर पट्टी. आणि तानाबाईंसाठी तेवढ्यावर ही तीच गादी होती; खरंच तीच होती.  समोरच्या टपरीवर बसून दोन दिवस सरांनी या दुकानातून गेलेल्या गाद्या मोजल्या होत्या. प्रत्येकीच्या उशाशी असं एक आयुष्य शिवलेलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"प्रत्येक गादीत असते?" त्यांनी विचारलं.

"मग? उसवल्यावर कळाय नको कुणाची ते?"

"पण यात तुमचं नाव कुठं आहे?"

जरीनाबाईंनी त्यांच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. प्रश्नच त्यांना कळला नव्हता.

"आमचं कशाला? गादी त्यांची हाय."

आतल्या खोलीत पुतण्या तोहिदनं पिंजायचं यंत्र सुरू केलं. जुना कापूस आत गेला आणि फुलून बाहेर यायला लागला. सरांच्या केसांवर, मिशीवर, मोज्याच्या भोकावर कापूस बसला. दुपार झाली. तानाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं, तिघांना वाढलं. आठ दिवसांत पहिल्यांदा सरांना भूक लागली आणि त्यांनी दीड भाकरी खाल्ली. चार पानं खिशातच होती. जरीनाबाईंनीच एकदा आठवण केली.

"काय तरी वाचून दावायचं हुतं न्हवं तुमाला?"

"नाही," सर म्हणाले. "काही नाही."

गादी भरून झाली. आता पट्टी आत जायची होती. जरीनाबाईंनी फळीवरची छोटी बाटली आणि एक काडी सरांपुढं ठेवली.

"मास्तर हाय, अक्षर चांगलं असंल. लिवा. बिब्ब्याची शाई हाय, पुरात बी जात न्हाय. पर बोटाला लावून घिऊ नका, उततंय, फोड येत्यात."

"मी?"

"लिवा की. सांगत्यात त्या."

तानाबाई सांगत गेल्या, सर लिहीत गेले. पुस्तकाची दोनशे पानं त्यांनी एका उन्हाळ्यात हातावेगळी केली होती. ही एक ओळ लिहायला घाम फुटला. 'दोन हजार पंचवीस. तानाबाई, शिरोळ. नात राजनंदिनीच्या पहिल्या बाळंतपणाला. मधी जादा भरला.' गौस नदाफांच्या अक्षराखाली, त्यांच्या वडिलांच्या अक्षराखाली, आपलं अक्षर. शेवटचा काना ओढला आणि हात थांबलाच नाही. वर्षभरात हजारभर पुस्तकांवर फिरलेला हात तो. ओळीखाली झोकदार सही उमटली, तिच्याखाली दोन रेघाही.

जरीनाबाई वाकून बघत होत्या.

"हे कोण?"

"मी," सर म्हणाले.

"तुमी ह्यांचं कोण लागता?"

या प्रश्नात राग नव्हता. खरोखरच विचारत होत्या त्या. सरांचे कान लाल झाले. शाई पुसायची म्हणून त्यांनी बोट फिरवलं, ती बोटाला लागली, सही मात्र तशीच राहिली. पुरात न जाणारी शाई ती, बोटानं कशी जाईल? त्रेचाळीस वर्षं तीन माणसांनी जपलेलं आपण एका क्षणात घाण केलं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

"चाची, चुकलं माझं," ते म्हणाले. "पुस्तकातपण."

 जरीनाबाईंनी पट्टी मांडीवर घेतली, कात्रीनं खालचं दोन बोटं रुंदीचं कापड सरळ कापून काढलं आणि कापलेली कड दुमडून चार टाके घातले. सहीचा तुकडा त्यांनी सरांच्या हातात दिला.

"हे तुमचं. नाव पुस्तकावर घाला, तितं शोभतंय. अक्षर मातर चांगलं हाय. ते ऱ्हाऊ दे."

पट्टी उशाकडच्या कोपऱ्यात गेली. जरीनाबाईंनी दाभण घेतला.

चार वाजता विश्वजितचा फोन आला तेव्हा सर दारात बूट घालत होते.

"सर, उत्तर झालं का लिहून?"

"झालं."

"किती पानं?"

"एक ओळ," सर म्हणाले. "आणि पान चौऱ्याऐंशी बदलायचं नाही, विश्वजित. मी लिहिलंय तसंच राहू दे. कडेला त्यांची पेन्सिल छाप, जशीच्या तशी. बारा आणि एकतीसवरचीसुद्धा."

पलीकडं विश्वजितनं तिन्ही आकडे पुन्हा म्हणून टिपून घेतले.

"बरं. ती तुमची ओळ तेवढी फोटो काढून पाठवा."

आत जरीनाबाईंनी शेवटचा टाका ओढून दातानं दोरा तोडला. तोहिद आणि टेम्पोवाल्यानं गादी दोन्हीकडून उचलली, तशा तानाबाई गडबडीनं उठल्या आणि म्हणाल्या, "उशाची बाजू वर धरा रं, वर धरा." सरांनी बूट घालायचे सोडले आणि एका पायानं लंगडत जाऊन मधून हात दिला. बोट चुरचुरायला लागलं होतं.

"सर? ऐकताय ना? कुठं आहे ती ओळ?"

"आता उसवल्याशिवाय मिळायची नाही," सर म्हणाले आणि कानाशी धरलेला फोन खिशात टाकून त्यांनी गादीला दुसराही हात लावला.