केबिन नंबर दोनचा झरोका

मिस्त्रींच्या पत्राला काकांनी उत्तर दिलं नव्हतं, याला आता दोन वर्षं होत आली होती.

पत्र लहानसंच होतं. वहीतून फाडलेला रेघी कागद आणि त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं दाबून दाबून काढलेली अक्षरं. 'मास्तर, हे मी स्वतः लिहितो आहे. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. बरोबर आहे का ते कळवा. तुमचा विद्यार्थी, मिस्त्री.'

काका काही मास्तर नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. पण भावाच्या कॅम्पवर केबिनी बांधायला आलेल्या या सुताराला त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, फळीच्या तुकड्यावर खडूनं अक्षरं काढून वाचायला शिकवलं होतं. पन्नाशीतल्या त्या माणसानं मग त्यांना परस्पर मास्तर करून टाकलं.

पत्र हातात पडलं तेव्हा काकांना भरून आलं. आणि त्याच भरात, त्यांच्याही नकळत, खिशातली लाल पेन्सिल बाहेर आली. भानावर आले तेव्हा कागदावर अकरा खुणा झाल्या होत्या. एका माणसानं जन्मात लिहिलेलं पहिलं पत्र, आणि आपण ते रक्तबंबाळ करून ठेवलं! आता त्याला कळवायचं काय? 'बरोबर आहे' म्हणावं तर खोटं, 'चुका आहेत' म्हणायला जीभ रेटेना. चार वेळा ते उत्तर लिहायला बसले, चारही वेळा कागदाचा बोळा झाला. शेवटी पत्र एका पुस्तकात सरकवून ठेवलं. कोणत्या पुस्तकात, तेही पुढे विसरले.

कागद उलटून मात्र त्यांनी पाहिला नाही. सही आली की मजकूर संपला, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेलं. मागच्या बाजूला काय आहे ते तेव्हाच वाचलं असतं, तर त्या गुरुवारी तीन माणसांच्या जिवावर बेतलं नसतं.

भाऊ गेल्यावर कॅम्प पुतणीनं हातात घेतला होता. उतारावर नऊ तंबू, मध्ये पाण्याचे नळ, वर झाडांच्या कडेला तीन लाकडी केबिनी, आणि फाटकाशी ऑफिसची खोली. त्या खोलीच्या मागेच काकांचा पलंग आणि पुस्तकं. येणाऱ्यांची संख्या वर्षागणिक घटत चालली होती.

"आता कुणी फोन करून जागा विचारत नाही, काका," पुतणी म्हणाली. "बुकिंगच्या साइटवर दिसलो तर आपण आहोत, नाहीतर नाही."

सुरुवात केबिन नंबर दोनपासून करायचं ठरलं. थंडीची तक्रार यायला नको म्हणून तिनं फळ्यांमधल्या सगळ्या फटी पुट्टीनं बुजवल्या, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या. मग फोटो. फोटोत सगळं देखणं आलं, फक्त गॅसच्या हीटरसमोरच्या भिंतीत, अगदी जमिनीलगत, एक वीतभर झरोका होता. त्याला गंजकी जाळी.

"हे बघा. अगदी उंदराचं बीळ वाटतंय. मिस्त्रींनी हे कशाला ठेवलं असेल?"

"ठेवलं असेल काहीतरी," काका म्हणाले. मग चाचरत पुढे म्हणाले, "माझं एक लहान कपाट ठेवू का तिथे? पुस्तकांसकट?"

पुतणीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली. "वाचनाचा कोपरा! काका, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात."

काकांच्या पुस्तकांचा कुणाला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी एकेक पुस्तक पुसून लावलं. कपाट भिंतीला असं चपखल बसलं की मागे कधी झरोका होता हे सांगूनही पटलं नसतं.

केबिनीची माहितीही त्यांनीच लिहिली. सात ओळी, तीन दिवस.

"तेवढ्यात बाबांनी नऊ तंबू उभे केले असते," पुतणी म्हणाली, "आणि तुमचं लिहून होईपर्यंत पुन्हा पाडलेही असते."

मग ती फॉर्म भरायला बसली. "प्रश्न तेवीस. विषारी वायूची सूचना देणारं यंत्र खोलीत आहे का?"

"आहे?"

"मागवलंय. सोमवारी येतंय. 'हो' करते."

"आलेलं नसताना?"

"'नाही' केलं तर यादीत इतके खाली जाऊ की आपल्याला शोधायला विहिरीत उतरावं लागेल. बुकिंग गुरुवारपासूनचं घेतेय, यंत्र सोमवारी. कुठे बिघडलं?"

काकांना काहीतरी म्हणायचं होतं. पण आपल्याला यातलं काय कळतं, असं मनाशी म्हणून ते गप्प राहिले. तसे ते बहुतेक वेळा गप्पच राहत.

आणखी एक गंमत म्हणजे, पाहुण्यांच्या निरोपांना उत्तरं देण्याचं काम तिनं काकांवर टाकलं होतं. 'भाषा तुमची चांगली,' म्हणून. साइटवर केबिनीच्या फोटोखाली ठळक ओळ झळकली, 'यजमान एका तासात उत्तर देतात'. ती वाचली की काकांना चोरून कुणाचा तरी कोट घालून हिंडल्यासारखं वाटे.

सोमवारी यंत्र आलं नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी अकराला पाहुणे मात्र आले, नवरा-बायको आणि पाचेक वर्षांची मुलगी. बोचरा वारा सुटला होता, बारीक पाऊस लागला होता. तिघं सामान घेऊन धावतच केबिनीत शिरली आणि दार लागलं. पुतणीनं गाडी काढली. पार्सल शहरातल्या कचेरीत अडकून पडलं होतं.

"संध्याकाळच्या आत घेऊन येते आणि गुपचूप लावून टाकते. तुम्ही टॅबपाशी बसा. आणि काका, त्यांना अजिबात त्रास द्यायचा नाही हं. पहिला अभिप्राय आहे. हा पडला की आपण पडलो."

दोन वाजून दहा मिनिटांनी टॅब वाजला. निरोप बाईंचा होता.

'जागा छान आहे. पुस्तकांचा कोपरा तर फारच आवडला. एका पुस्तकात हे पत्र सापडलं, दोन्ही बाजूंचे फोटो पाठवते. तुमचंच असेल ना? प्रवासानं आम्हा तिघांची डोकी जड झालीत, मुलगी तर बसल्या जागी पेंगतेय. हीटर आल्यापासून चालूच आहे, जरा पडतो. संध्याकाळपर्यंत कृपया कुणी उठवू नका.'

काकांनी पहिला फोटो उघडला आणि त्यांचे कान तापले. त्या अकरा लाल खुणा! एका परक्या बाईनं त्या पाहिल्या. काय म्हणाली असेल? कसला हा माणूस! त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. 'पत्र माझंच आहे. त्यावरील खुणांबद्दल...' खोडलं. 'पत्र जपून ठेवल्याबद्दल ऋणी आहे.' ऋणी जरा जास्तच होतं. खोडलं. घड्याळात दोन एकतीस झाले तरी पाटी कोरीच.

आणखी कसली शोभा झाली आहे ते तरी पाहावं, म्हणून त्यांनी दुसरा फोटो उघडला.

कागदाची मागची बाजू. फिकट पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं, एक भिंत, एक शेगडी, खाली चौकोन आणि चौकोनातून आत येणारा बाण. त्याखाली मजकूर.

'मास्तर, एक सांगायचं राहिलं. दोन नंबरच्या भिंतीत खाली जाळी ठेवली आहे ती कुणाला बुजवू देऊ नका. शेगडी हवा खाते. जाळी बंद झाली तर ती माणसांची हवा खाईल. धूर नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, मग माणूस उठत नाही. माझा मामेभाऊ असाच गेला. जाळी उघडी आहे एवढं कळवा.'

या वेळी काकांना एकही चूक दिसली नाही.

त्यांनी वर सरकून बाईंचा निरोप पुन्हा वाचला. डोकी जड झालीत. पेंगतेय. जरा पडतो. निरोप येऊन एकवीस मिनिटं झाली होती, आणि ती एकवीस मिनिटं आपण 'ऋणी' हा शब्द योग्य की अयोग्य यात घालवली होती.

'हीटर बंद करा. दार उघडा,' त्यांनी लिहिलं. निरोप गेला, पण कुणी वाचल्याची खूण उमटेना. पुतणीचा फोन लागेना. काकांनी तातडीच्या मदतीचा नंबर फिरवला, पत्ता सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, "वीस मिनिटं लागतील, आजोबा. तोवर त्यांना बाहेर काढा."

काका चढण चढू लागले. छाती भात्यासारखी चालत होती, आणि डोक्यात जुनीच कुरकुर सुरू होती. आपला काही गैरसमज तर नाही? माणसं दमून झोपली असतील. उठवू नका म्हणून लिहून दिलंय त्यांनी. पहिला अभिप्राय. लोक म्हणतील, म्हातारा चळला. दुकानातसुद्धा गल्ल्यासमोर उभं राहून, आपल्याकडे कुणी बघेल तेव्हा बघेल, अशी वाट पाहणारा हा माणूस. कुणाच्या बंद दारावर त्यांनी उभ्या जन्मात थाप मारली नव्हती.

चार नंबरच्या तंबूपाशी खुंट्या ठोकायचा हातोडा पडला होता. का कोण जाणे, तो त्यांनी उचलला.

केबिनीच्या दारावर त्यांनी आधी टिचकीच वाजवली. "जरा ऐकता का?"

काही नाही.

मूठ आपटली. "अहो, दार उघडा!"

आत हीटरची सुरसुर तेवढी ऐकू येत होती. ते खिडकीशी गेले, काचेवरचं पाणी बाहीनं पुसलं. नवरा-बायको पलंगावर आडवी होती. मुलगी मात्र पलंगावर नव्हती. ती कपाटापाशी, गालिच्यावर, छातीवर उघडं पुस्तक घेऊन पडली होती. गाल गुलाबी झाले होते. झोपलेल्या मुलाचे असतात त्याहून जास्त गुलाबी.

काकांनी हातोडा उचलला आणि काच फोडली.

आवाजानं ते स्वतःच दचकले. मग पलीकडच्या बाजूला धावले आणि समोरची खिडकीही फोडली. वारा आरपार गेला, पडदा फडफडला. पहिल्या खिडकीशी परत येऊन त्यांनी आत हात घातला. दाराला मिस्त्रींनी बसवलेली कडी हाताला लागली, पण हलता हलेना. काचेनं मनगट कापलं. तिसऱ्या हिसक्याला ती सुटली.

श्वास रोखून ते आत शिरले. आधी हीटरचं बटण फिरवलं, मग मुलीला उचललं. ती ओल्या टॉवेलसारखी लोंबली. बाहेर गवतावर ठेवून त्यांनी तिच्या गालांवर थापट्या मारल्या. "बाळ! ए बाळ, ऊठ!" पावसाचे थेंब तिच्या तोंडावर पडत होते. डोळे उघडेनात.

"कोण आहे? काय चाललंय?" आतून बाईंचा जड आवाज आला.

"बाहेर या!" काका ओरडले. असे ते किती वर्षांत ओरडले नव्हते, त्यांनाच आठवलं नसतं. "आधी बाहेर या! नवऱ्याला उठवा!"

बाई उठल्या आणि दोन पावलांवर कोसळल्या. काकांनी त्यांना काखेत हात घालून उंबरठ्यापर्यंत ओढलं, पुन्हा आत गेले. नवरा गुडघ्यांवर आला होता, त्याला दार कुठे आहे ते समजत नव्हतं. त्याची कॉलर धरून काकांनी त्याला गुराला ओढावं तसं ओढलं. मग मुलीपाशी जाऊन तिला मांडीवर घेतलं, अंगावर वाकून पाऊस अडवला. ती श्वास घेते आहे की नाही, हे त्या वाऱ्यापावसात त्यांना कळेना.

बऱ्याच वेळानं ती ओकली. मग डोळे उघडून, अतिशय चिडून म्हणाली, "गार लागतंय."

पुतणी आली तेव्हा रुग्णवाहिका दाराशी उभी होती. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. पायरीवर बसलेल्या नवऱ्यानं तोंडावरचा मास्क खाली केला.

"साइटवर 'हो' लिहिलं होतं तुम्ही," तो म्हणाला. "यंत्र आहे, हो. लहान मूल बरोबर आहे म्हणून मी मुद्दाम बघितलं होतं."

"हे..." तिनं खोकं किंचित पुढे केलं.

"जाळी मी बुजवली," काका म्हणाले. "माझ्या पुस्तकांनी."

नवऱ्यानं मान फिरवली. त्यानं आभार मानले नाहीत, आणि मानावेत असं काकांनाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांनाही घरी सोडल्याचं इस्पितळातून कळलं. पुतणीनं केबिन साइटवरून उतरवली, कपाट दोघांनी मिळून बाहेर काढलं. ती जाळीसमोर उकिडवी बसली, आत येणाऱ्या वाऱ्यापुढे तळहात धरला आणि रडली.

चार दिवसांनी अभिप्राय आला. एक तारा आणि भलामोठा मजकूर.

"खाली उत्तर द्यायची सोय आहे," ती म्हणाली. "माझ्यानं होणार नाही. तुम्ही लिहा. हवे तर तीन दिवस घ्या."

काकांना पाच मिनिटं लागली. 'वरचा शब्दन् शब्द खरा आहे. यंत्र नव्हतं, आम्ही आहे असं लिहिलं. हवेचा झरोका मी बुजवला होता. तो आता उघडा आहे, आणि यंत्र तिन्ही केबिनींत बसलं आहे.'

तिनं वाचलं. "याच्यानंतर कोण येईल, काका?"

"माहीत नाही. पण जे येतील ते उठतील."

मग त्यांनी वहीतून एक कागद फाडला.

"मिस्त्रींना? अहो, फोन करा ना सरळ."

"त्यांनी लिहून विचारलंय. लिहूनच सांगायला हवं."

'मिस्त्री,

तुम्ही विचारलं होतं, बरोबर आहे का. बरोबर आहे. मी पाठची बाजू वाचलीच नाही, त्यापायी तीन माणसं जाता जाता राहिली. तुमच्या त्या चार ओळींनी ती वाचली. तुमच्या पत्रावर मी लाल पेन्सिल चालवली होती, हेही सांगून टाकतो. लाज वाटली म्हणून उत्तर दिलं नाही. जाळी उघडी आहे. रोज सकाळी हात धरून बघतो.'

खाली सही करायला त्यांचा हात थांबला. मास्तर म्हणवेना. त्यांनी सहीच्या जागी जाळी रेखाटली, वाकडीतिकडी, आणि आत येणारा बाण. चित्र फार वाईट जमलं होतं. तसंच राहू दिलं.

टपालपेटी रस्त्याच्या वळणावर होती. पाकीट पेटीच्या तोंडाशी नेऊन काका क्षणभर थांबले. आत आणखी कितीतरी सुधारता आलं असतं. त्यांनी पाकीट उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटं केलं, आणि बोटं सोडली.