गंगुबाई डोंगरगावी हरवली तेव्हा

घोडपदेवच्या चाळीत राहणारी गंगुबाई परळच्या एका गिरणीतल्या इंजिनीअर साहेबाकडे आया होती. १८९४ च्या उन्हाळ्यात साहेब रजेवर विलायतेला निघाला. वाटेत स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पायी हिंडायचं त्यानं ठरवलं होतं. धाकटी बेबी गंगुबाईशिवाय घास घेत नसे, म्हणून तीही बोटीत चढली.

"डोंगर बघूक समुद्रापार कित्याक गो?" तिची जाऊ शांती म्हणाली होती. "शीवचो किल्लो काय कमी उंच आसा?"

त्या डोंगरगावात घोडागाडी पोचली तेव्हा दिवस कलला होता. चौकात सामान उतरलं. साहेब आणि मडम बेबीला घेऊन हॉटेलकडे निघाले. त्यांच्यामागून चार पावलं टाकली आणि गंगुबाईला आठवलं, बेबीची शाल गाडीतच राहिली! ती माघारी धावली, पण गाडी तबेल्याकडे गेली होती. तिथवर जाऊन शाल मिळाली खरी. परतली तोवर धुकं खाली उतरलं होतं आणि चौकात ओळखीचं कुणीच नव्हतं. हॉटेलचं नावही तिला ठाऊक नव्हतं.

चौकातल्या दगडी हौदापाशी ती शाल कवटाळून उभी राहिली. येणारे-जाणारे तिच्या लुगड्याकडे बघत पुढे जात होते. इथे मेले तर घोडपदेवला कळायचंसुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं.

काळे कपडे घातलेली एक म्हातारी बादली घेऊन पाण्याला आली. तिनं काहीतरी विचारलं.

"माका काय समजत नाय, बाय," गंगुबाई म्हणाली.

म्हातारीनं तिचा हात धरून पाहिला. तो बर्फासारखा गार होता. बादली तिथेच टाकून तिनं गंगुबाईला घरी नेलं, चुलीशी बसवलं, ओल्या वहाणा काढून आपले जाड लोकरी मोजे तिच्या पायांत चढवले आणि गरम दुधाचा वाडगा पुढे केला. गंगुबाईला रडू फुटलं. नवरा गेल्यापासून ती दुसऱ्यांच्या पोरांना भरवत आली होती; तिच्या हाती असं गरम काही कुणी दिलं नव्हतं.

डोळे पुसून तिनं खुणा केल्या. मडमची पिसांची टोपी. काठी टेकत चालणारा साहेब. म्हातारी खळखळून हसली आणि तिला घेऊन निघाली. गावातल्या दोन हॉटेलांत नकार मिळाला. तिसऱ्याच्या दारातच मडम उभी होती.

"आया! हम कितना ढूँढा तुमको!" ती ओरडली. बेबी धावत येऊन गंगुबाईच्या कमरेला बिलगली. साहेब हॉटेलच्या माणसांना घेऊन तिलाच शोधायला गेला होता.

गंगुबाई म्हातारीच्या पाया पडायला वाकली. म्हातारीनं तिला घाईनं उभं केलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "आना."

"गंगू," गंगुबाई म्हणाली. माहेर सुटल्यावर हे नाव तिनं कधी उच्चारलं नव्हतं.

पुढे साहेब-मडम डोंगर चढायला गेले की गंगुबाई बेबीला घेऊन आनाकडे जाई. दोघी आपापल्या भाषेत बोलत. एकदा गंगुबाईनं गिरणीतल्या यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेलेल्या नवऱ्याची गोष्ट सांगितली, हातवारे करून. आनानं भिंतीवरचा फोटो दाखवला, मग आपल्या बोटातली लग्नाची अंगठी. फोटोत खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेला तरणा गडी होता. मग तिनं खिडकीबाहेरच्या पांढऱ्या शिखराकडे बोट केलं आणि हात एकदम खाली पाडला, कुणी कड्यावरून कोसळावं तसा.

गंगुबाई उठली, चुलीत लाकूड सारलं आणि आनासाठी दूध तापत ठेवलं.