सातवं प्रकरण

ओडेटनं पुस्तकांच्या चळतीवर लॅपटॉप टेकवला आणि स्वतःच्या कादंबरीचं सातवं प्रकरण उघडलं. अर्ध्या तासात हैतीतल्या चर्चमध्ये तिच्या आईची अंत्यप्रार्थना होती. तिला जाता येत नव्हतं. कागद अडकलेले, अमेरिका सोडली तर परत येणं मुश्कील. आई सोमवारी गेली, आज शुक्रवार. डोळ्यांत टिपूस नाही.

रडायचं ते तिनं अकरा वर्षांपूर्वीच या प्रकरणात रडून घेतलं होतं. त्यात आई मुलीचा हात धरून मरते. त्यावर बक्षिसं मिळाली, कवितावाचनाचीही बोलावणी आली, ‘कृष्णवर्णीय स्थलांतरित लेखिका’ ही पाटी नावाला कायमची चिकटली. खरी आई तेव्हा चांगली ठणठणीत, बाजारात मासळी विकत होती. "जिवंतपणी मारलंस गं मला," म्हणाली आणि वर्षभर फोनवर आली नाही. आता हैतीतल्या भाच्याला प्रार्थनेत, व्हिडिओ कॉलवर, तिच्या तोंडून तेच प्रकरण वाचून हवं होतं.

दार वाजलं. शेजारच्या नीलांबरी, नागपूरच्या निवृत्त डॉक्टर, पिठलं-भाताचा डबा घेऊन उभ्या.

"आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारी आणतात. खा."

"भूक नाही."

"ते मी विचारलंच नाही."

ओडेटनं चार घास गिळले. चव कळली नाही.

"नीला, मी तिला आधीच मारून बसले होते."

"अगं, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात आमच्यात. जगली ना अकरा वर्षं?" नीलांबरी डब्याचं झाकण पुसत राहिल्या. "माझी आई गेली तेव्हा मी इथे ड्यूटीवर होते. शेवटी ती काय बोलली, हे विचारायचा धीर अजून झाला नाही मला."

स्क्रीनवर चर्च दिसलं. ओडेट वाचू लागली. आवाज सपाट, सरावाचा. आईचा हात मुलीच्या हातात येतो त्या ओळीवर ती थांबली.

"मावशी, ऐकू येतंय का?" भाच्याला वाटलं नेट गेलं.

"येतंय. पण पुढचं खोटं आहे. मी तिथे नव्हते. तिचा हात कुणी धरला होता?"

चर्चमध्ये चुळबुळ झाली. मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली, आईच्या शेजारी बसून मासळी विकणारी. तिनं सगळ्यांसमोर हात वर केला.

"सांगा," ओडेट म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "सगळं सांगा. मला काहीच माहीत नाही."