गिरणीच्या ओसरीवरचे बायबल

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. लोक मला बायबल म्हणतात. माझी पाठ दोनदा शिवली आहे आणि पानांना अजून ज्वारीच्या पिठाचा वास येतो. तो कसा आला, तेच सांगतो.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. आगगाडीने मराठवाड्यातल्या चुडावा स्टेशनावर उतरलो आणि बैलगाडीने जवळच्या एका लहान गावी आलो. तिथे ख्रिस्ती घरे मोजकीच. पिठाची गिरणी चालवणाऱ्या सूर्यभानच्या ओसरीवर रविवारी उपासना व्हायची. बालवाडीच्या कस्तुराबाई मला वाचायच्या. गाणी व्हायची, चहा व्हायचा. मी फार सुखात होतो.

मग अठ्ठ्याहत्तर साल आले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात आग लागली नाही, पण गावाने बौद्ध वस्तीशी व्यवहार तोडला. मोठे जमीनदार दत्तराव यांनी सूर्यभानला बजावले, "त्यांचं दळण घेतलंस, तर गावातलं एक बी दळण तुझ्याकडं येणार न्हाई."

शनिवारी वस्तीतल्या सरजाबाई ज्वारीची टोपली घेऊन आल्या. सूर्यभानने मान खाली घातली. त्या टोपली तशीच घेऊन परत गेल्या.

रविवारी त्यावरूनच ओसरीवर वाद पेटला.

"हे राजकारण देवाच्या घरात कशाला?" मंडळीतले वडीलधारे सिताराम म्हणाले. "नाव बदलून काय व्हायलंय?"

"काका, देवानं अब्रामाचं नाव बदललं. याकोबाचं बदललं," कस्तुराबाई म्हणाल्या. "याकोब देवाशीच रात्रभर झुंजला, लंगडा झाला, तवा कुठं त्याला नवं नाव मिळालं. नावात काई नसतं तर देव कशाला बदलत बसला असता?"

"बाई, नावाचं ऱ्हाऊ द्या," सूर्यभान हळूच म्हणाला. "माझ्या घरात बी खाणारी तोंडं हायेत. गिरणीचं काई लिवलंय का त्यात?"

काही जण हसले. कस्तुराबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझी पाने उलटत राहिल्या. माझ्या पोटात ते होते, पण मला बोलता कुठे येते? अखेर त्यांचे बोट माझ्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या एका ओळीवर थांबले. कुणाच्या जात्याची तळी गहाण म्हणून ठेवून घेऊ नका, तसे करणे म्हणजे त्याचा जीवच ठेवून घेणे, असा तिचा अर्थ होता. कुणाचे दळण अडवणे त्याहून वेगळे नव्हते.

"खरंच हाय?" सूर्यभानने मला हातात घेतले. त्याच्या पिठाळ बोटांचा ठसा त्या पानावर उमटला. मग त्याने मला कस्तुराबाईंकडे दिले आणि सरळ वस्तीकडे निघाला.

"सरजाबाई, आणा ती टोपली," तो दारातूनच म्हणाला. "आज सुट्टी हाय, पण इंजिन चालू करतो."

त्या रविवारी आमची गाणी इंजिनाच्या आवाजात बुडून गेली. मला ती उपासना सगळ्यांत जास्त आवडली.

पुढे गावाचे दळण खरोखरच बंद झाले; बाया घरीच जात्यावर दळू लागल्या. सूर्यभानच्या घरी एक वेळच चूल पेटू लागली. त्याने इंजिन मात्र थांबवले नाही. एका सकाळी दत्तरावांच्या पत्नी कमलबाई स्वतः डबा घेऊन आल्या आणि सरजाबाईंच्या मागे उभ्या राहिल्या.

"मालकांनी पाठवलं का?" सूर्यभानने विचारले.

"मालक जात्यावर बसत न्हाईत. माझेच हात दुखायलेत," त्या म्हणाल्या. "माझा नंबर सरजाबाईनंतर लावा."

सरजाबाईंना हसू आवरेना. त्यांनी सरकून डबा ठेवायला जागा दिली. महिन्याभरात सारे गाव तिथे येऊ लागले.

त्यानंतर लोक मला काहीही विचारू लागले. दारूचे दुकान, दुष्काळ, निवडणूक, काहीही. माझा मान फार वाढला. तो इतका वाढला, की पुढे मला रेशमी कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. वाचायला नवे, सोनेरी कडांचे बायबल आले. मित्रांनो, तो मान मला मुळीच मानवला नाही. पेटीत मला कुणी काही विचारत नसे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचे नाव लागले. वस्तीतून जिलेबी आली. कस्तुराबाईंनी पेटी उघडली आणि ओसरीवर साऱ्या गावासमोर मला वाचले. पाकाची बोटेही लागली. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

मित्रांनो, घरातला कोणताही ग्रंथ फाटला तर शिवा, भिजला तर उन्हात ठेवा. पण त्याला जपायचे म्हणून बंद करू नका. दार उघडे ठेवून वाचा. आपल्या गल्लीत कुणाची चूल अडली आहे ते आधी बघा आणि मग पान उलटा.