बूचभर

"इथं बस. दोन मिनटं," गोमाजी म्हणाला आणि भावेशच्या हातातली हारांची टोपली त्यानं खाली ठेवली.

मांडवामागं खाडीच्या वाटेवर पालथ्या घातलेल्या होडीवर बापलेक बसले. आज पुतणीची, प्राप्तीची हळद. तिचा बाप रतन, गोमाजीचा धाकटा भाऊ, चार वर्षांपूर्वी दारूनं गेला. तेव्हापासून गोमाजीनं बाटलीला हात लावला नव्हता. घोडबंदर रोडच्या टॉवरांत पाण्याचे पंप चालवायचे आणि सरळ घरी यायचं, एवढंच त्याचं आयुष्य. आणि गेल्या आठवड्यात त्याच्या सोळा वर्षांच्या पोराला मित्रांनी रिक्षातून घरी आणून टाकलं होतं, उलटीनं माखलेलं.

मनात घोकून आणलेलं सगळं गोमाजी ऐन वेळी विसरला.

"काकाचं पोट कसं फुगलेलं, बघितलंस ना? रक्ताच्या उलट्या. मीच धरलेलं घमेलं. या वयात लागली तर सुटत नाय रे. पाया पडतो तुझ्या, भावेश."

"काय पण बाबा! एकदाच झालेलं. सगळी पोरं घेतात."

"दुसऱ्यांच्या पोरांचं मला नको सांगू."

"मग मांडवात बाटल्यांच्या पेट्या कोणी आणल्या? तूच ना?"

आणल्या होत्या. रतनच्या पोरीची हळद सुकी कशी करायची, असं भावकी म्हणाली. चार वर्षं बाटलीला नाही म्हणणारा हा गडी चार लोकांना मात्र नाही म्हणू शकला नव्हता.

भावेशनं मोबाइल काढला. "हे बघ. फॅमिली ग्रुपवर हाय अजून."

व्हिडिओ दहा वर्षांपूर्वीचा, कुणाच्या तरी हळदीतला. सहा वर्षांचा भावेश गोमाजीच्या मांडीवर. गोमाजी बाटलीचं बूच भरून त्याच्या ओठांना लावतो. पोरगं तोंड वेडंवाकडं करतं, सगळा मांडव हसतो, रतन तर टाळ्या पिटतो. मग पोरगं म्हणतं, "आनखी!" आणि सगळ्यांत मोठ्यानं गोमाजीच हसतो.

"पहिली तूच पाजलेलीस," भावेश म्हणाला. रागानं नाही, गमतीनं. तेच गोमाजीला सोसवेना.

"चुकलो रे. तवा वाटलं, पोराचं कौतुक."

"टेन्शन नको घेऊ. आज नाय घेणार मी. प्रॉमिस."

टोपली उचलून तो गेला. गोमाजीच्या जिवात जीव आला. डोळे पुसून तोही मांडवाकडे निघाला.

संध्याकाळी बँड सुरू झाला. बापाच्या जागी उभं राहून गोमाजीनं प्राप्तीला हळद लावली. हात पुसायला वळला तर मांडवाच्या कोपऱ्यात हशा पिकला होता. घोळक्याच्या मधोमध भावेश. त्यानं शब्द पाळला होता, स्वतः थेंबही घेतला नव्हता. त्याच्या एका हातात मोबाइल होता, दुसऱ्यात बूच, आणि समोर गोमाजीच्या बहिणीचा पाच वर्षांचा नातू, नील.

"थांब!" गोमाजी ओरडला. बँडच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार! लोकांना ढकलत तो पोचला आणि बूच हिसकावून घेतलं. ते रिकामं होतं.

"काय झालं बाबा? गंमत केली," भावेश म्हणाला. तो खरोखरच गोंधळला होता.

नीलनं ओठांवरून जीभ फिरवली. गोमाजीच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या मुठीकडे बघत तो म्हणाला, "आनखी."