अंजलीचा पाच दिवसांचा ब्रेक

प्रज्वलला सगळे इंजिनिअर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ताथवड्याच्या कॉलेजातून बाहेर पडलेला हा दिवटा उद्धवरावांचा मुलगा. उद्धवराव महाळुंग्यातले जुने जमीनवाले, आता कंपन्यांना कंत्राटी कामगार पुरवतात. मी त्यांच्या ऑफिसात हजेरी बघते. मला कोडही वाचता येतो, पण ते इथे कोण विचारतो.

कामगार सहा-सात महिने सलग राबला की त्याला ब्रेक द्यायचा, म्हणजे काही दिवस घरी बसवायचं, ही इथली रीत. उद्या कुणी कायम करा म्हणायला नको. परत यायची तारीख काढायला प्रज्वलने जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि त्या आनंदात ऑफिसात पेढे वाटले.

लातूरकडच्या अंजलीला बारा जूनला पाच दिवसांचा ब्रेक मिळाला. सतराला ती गेटवर आली, तर मशीन तिचं कार्ड घेईना. ते तिला ऑक्टोबरात बोलावत होतं. उद्यापर्यंत आली नाहीस तर लाइनवर दुसरी बाई उभी करतो, असं सुपरवायझरने तिला बजावलं होतं. प्रज्वलने मान वर न करता सांगितलं, कॉम्प्युटर चुकत नसतो.

मी कोड उघडला. चौकटीत टाइप केलेला पाच जावास्क्रिप्टच्या लेखी आकडा नसतो, नुसता मजकूर असतो. त्याचा आधी आकडा करून घ्यावा लागतो. या महाशयांनी केला नव्हता. मग बारात पाच मिळवायचे सोडून बाराच्या पुढे पाच चिकटला, झाले एकशे पंचवीस. जूनची एकशे पंचविसावी तारीख शोधत प्रोग्रॅम निमूट ऑक्टोबरात गेला. बरं, चाचणी याने एक तारखेला केली होती. उत्तर आलं पंधरा. पाच दिवसांनी पंधरा तारीख कशी, हे इंजिनिअरला खटकलंसुद्धा नाही. मला त्याची किळस आली.

मी अर्ध्या ओळीत दुरुस्ती केली आणि उद्धवरावांना सांगायला गेले. त्यांनी पहिल्यांदाच माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी चार म्हैनं भाईर?"

"हो. चुकून."

"मंग ऱ्हाऊ द्या की. येवढं भाईर ऱ्हायलेलं माणूस नवंच धरायचं. कायमचं कुणी मागायचं न्हाई."

त्यांनी प्रज्वलला बोलावून सांगितलं, ब्रेक सगळ्यांनाच चार महिन्यांचा. अंजलीपासून सुरुवात. त्या दिवट्याने प्रोग्रॅम नव्याने लिहिला, या वेळी मजकुराचा आधी आकडा करून घेतला, महिनाअखेरीच्या तारखाही लावून पाहिल्या. मी कोड ओळन् ओळ तपासला. एखादी तरी चूक निघावी, असं मनापासून वाटत होतं. निघाली नाही.

अंजली जिन्यात बसली होती. मला पाहून उठली.

"ताई, सापडली का चूक?"

"सापडली."

"मग उद्या येऊ ना?"

"नको," मी म्हणाले. "आता ती चूक नाही, नियम आहे."