कूलरवाल्याच्या हातचा डबा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. संगणकाचा डबा. दुकानदार मला कॅबिनेट म्हणतात आणि बाकीचे लोक सीपीयू म्हणतात. ते नाव खरं तर माझ्या पोटातल्या एका छोट्या तुकड्याचं आहे. विचार तो करतो, मी नुसता पत्रा. त्यामुळे माझी हकीकत कोणी ऐकावी इतकी ती मोलाची आहे का, अशी मला पहिल्यापासून शंका वाटते. तरी सांगून पाहतो. कंटाळा आला तर पान उलटा, मी रागावणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका अवजड यंत्राने पत्रा दाबला, वाकवला आणि माझ्यासारखे शेकडो डबे एका दिवसात बाहेर पडले, एवढंच. रंग दुधावरच्या सायीसारखा होता. नागपुरात मी आलो तो प्रताप नगरातल्या एका लहान वाचनालयात. गोपाळराव नावाचे शांत गृहस्थ तिथे ग्रंथपाल होते. ते एका बोटाने टंकत असत. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, कपाटाचा क्रमांक. काही चुकलं की माझ्याकडे पाहून हळूच म्हणत, "माफ करा हं." अकरा वर्षांत हजारो पुस्तकांची नावं माझ्या पोटातून गेली. नावं पाठ झाली. पुस्तकांच्या आत काय असतं, ते मात्र मला कधी कळलं नाही.

रोज संध्याकाळी गोपाळराव माझ्यावर कापडी खोळ घालत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. त्या खोळीची आठवण पुढे फार वेळा आली. गोपाळराव निवृत्त झाले, नवा संगणक आला, माझ्या पोटातलं सामान काढून घेतलं गेलं आणि मी जिन्याखाली गेलो. काही वर्षं माझ्यावर तुळशीची कुंडी होती. पाणी झिरपून एका कोपऱ्याला गंज धरला. मग एक दिवस रद्दीबरोबर मलाही हातगाडीवर चढवलं.

सक्करदऱ्याच्या भंगारवाल्याकडे मी उलटा पडून होतो, तेव्हा एका माणसाने माझ्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हाताला पत्र्याचे चरे. ते नत्थूजी.

"ऐक गा," ते भंगारवाल्याला म्हणाले, "आवाज ऐक याचा. पत्र्याची अशी जाड चद्दर आता पाहाले भेटत नाही."

"अन् गंज नाही दिसून राहिला का, काकाजी?"

"गंज घासला का निघते. पातळ चद्दर घासून जाड होते का?"

माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी कधी बोललं नव्हतं. मला वाटलं, ते दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असतील.

नत्थूजी कूलर बनवतात. आमच्या गावचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार! मे महिन्यात घराघरांतून कूलरचे पंखे घरघरत असतात. पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना खसाच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्या, ताट्यांवर झिरपणारं पाणी आणि समोरून गार हवा फेकणारा पंखा. सव्वीस वर्षं नत्थूजींनी हेच काम केलं. आता लोक दुकानातून तयार प्लास्टिकचे कूलर आणतात, म्हणून त्यांचं काम अर्ध्यावर आलं आहे.

त्यांची मुलगी रितिका, वय अठरा. तिने एक चित्रपट तयार केला होता. सक्करदरा तलावाच्या काठावर अंडी घालणाऱ्या टिटवीची गोष्ट, तीन मिनिटांची. त्यासाठी तिने वर्षभर हजारो चित्रं काढली. परगावच्या एका चित्रकलेच्या महाविद्यालयात तिला प्रवेश हवा होता आणि गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत हा चित्रपट तिथे पोचवायचा होता. सगळी चित्रं एकत्र जोडायचं काम संगणक करतो, पण त्याला न थांबता तीन तास राबावं लागतं. रितिकाचा संगणक जुना, त्याचा डबा पातळ. अर्ध्या तासात तो तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. पुन्हा पहिल्यापासून.

"तू रडून नको राहू वं," नत्थूजींनी तिला सांगितलं. "ठंडं कराचं काम माहं आहे."

म्हणून मी त्या घरात आलो. पाच दिवस नत्थूजींनी कूलरची गिऱ्हाइकं बाजूला ठेवली. गंज घासला. कात्रीने पत्रा कापून तीन गोल खिडक्या पाडल्या, एक समोर आणि दोन बाजूंना, आणि प्रत्येकीत पंखा बसवला. कानशीने कडा इतक्या गुळगुळीत केल्या की बोट फिरवलं तरी लागू नये. खाली कूलरच्या स्टँडची चाकं लावली. मग डावीकडच्या खिडकीवर, पंख्याच्या समोर, माझाच कापलेला पत्रा झाकणासारखा बसवला आणि खिळा-हातोडी घेऊन त्यावर टिटवी काढली. रेघ नाहीच, नुसती भोकं. रितिकाच्या चित्रातली टिटवी समोर ठेवून एकेक भोक. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं, पण मी मोजत होतो. तीनशे बारा.

रितिकाने मला गडद निळा रंग दिला आणि तो वाळल्यावर आपल्या संगणकाचं सगळं सामान माझ्या पोटात बसवलं. सीताबर्डीच्या ठेल्यावरून दिव्यांची पट्टी आणली, आत चिकटवली आणि उजेड मऊ दिसावा म्हणून टिटवीच्या मागे पिवळा चमकी कागद लावला. शेवटी नत्थूजींनी समोरच्या पंख्यापुढे खसाची छोटी ताटी बसवली आणि स्वयंपाकघरातून पाण्याचा मग घेऊन आले.

"बाबा! पानी नको! जळून जाईन ना सारं!"

"थोडंसंच शिंपडतो नं."

"थेंबभर बी नाही! आई, यायच्या हातून तो मग घे वं!"

रितिकाची आई प्रेमिला हसून हसून खाली बसली. शेजारचा जितेंद्र सीताबर्डीला संगणक दुरुस्त करतो. तो दारातूनच म्हणाला, "काकाजी, पानी चढवाले टुल्लू पंप कुठं बसवला याचा?" सगळे हसले. नत्थूजीही हसले, पण कोरडी ताटी त्यांनी राहू दिली. निदान वास तरी येईल, म्हणाले. दिवे लागले आणि माझ्या कुशीवर पिवळी टिटवी उमटली. प्रेमिलाने माझी दृष्ट काढली. जिन्याखालच्या डब्याची दृष्ट! मला फार अवघडल्यासारखं झालं.

गुरुवारी सकाळी दहाला रितिकाने चित्रपट जोडायला लावला. पंखे जोरात फिरत होते. तरी माझ्या पोटात विचित्र कोंदटपणा भरू लागला. वारा आत येत होता, येतच होता, आणि तिथल्या तिथे तापत होता. विसाव्या मिनिटाला सगळं बंद पडलं. जुन्या पातळ डब्यापेक्षाही लवकर. गार होऊ देऊन तिने पुन्हा लावलं. अठरा मिनिटं. तिसऱ्यांदाही तेच. एक वाजून गेला.

रितिका उठली. तिने स्क्रू काढायचा पेचकस उचलला आणि आपला जुना पातळ डबा जवळ ओढला.

"काढून टाक," नत्थूजी म्हणाले. ते दाराजवळ उकिडवे बसले होते. "कूलरवाल्यानं कूलरच बनवावं. माहंच चुकलं."

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, चूक माझीच असणार. चांगल्या पत्र्याचं कौतुक झालं तेव्हाच मला खोटं वाटलं होतं. पुन्हा जिन्याखाली जायची मी मनाची तयारी केली.

दोन स्क्रू निघाले. तिसऱ्यावर रितिकाचा हात थांबला.

"जुन्यात टाकून बी अर्धाच घंटा चालते, बाबा. त्यापेक्षा याले पाहू ना आपण दोघं. इकडं या."

"मले काय समजते त्याच्यातलं?"

"मले बी काय समजते? या तर खरं."

इतक्यात प्रेमिला पन्ह्याचे पेले घेऊन आली. पेला ठेवताना तिचा हात मला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला.

"अगं माय! केवढा तापला हा! लोकायच्या घरी कूलर बसवाले जाता, तं दहा दहा वेळा सांगता, 'समोरची खिडकी उघडी ठेवा, नाही तं हवा कोंडते.' अन् याची खिडकी कुठं ठेवली तुमी?"

नत्थूजी ताडकन उठले. मग त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. पंखे चालू करायला सांगितले आणि दुपट्ट्याचं टोक एकेका खिडकीसमोर धरलं. समोर धरलं, ते आत ओढलं गेलं. उजवीकडे धरलं, आत. डावीकडे, टिटवीसमोर, कागदाच्या कडेच्या फटींतून तेही आत. बाहेर फेकणारी एकही जागा नव्हती. कूलरच्या ताट्यांतून हवा आत जाते, तशी त्यांनी माझ्याही तिन्ही बाजूंनी आत घेतली होती. कूलरचा पंखा हवा बाहेर फेकतो, हे सव्वीस वर्षं रोज पाहूनही ते माझ्या बाबतीत विसरले होते.

"हात् तिच्या!" ते स्वतःच्या कपाळावर मारून हसले. "सव्वीस वर्स लोकायले शिकवलं मी, अन् घरीच कोंडून ठेवलं लेकाच्याले!"

टिटवीमागच्या पंख्याचे चार स्क्रू काढून त्यांनी तो उलटा बसवला. खसाची ताटी काढली. चमकी कागद रितिकाने स्वतःच्या हाताने फाडला. दिवे आता भोकांतून उघडेवाघडे दिसत होते, तितके मऊ नव्हते. पण पंखा फिरू लागला आणि त्याच्या पात्यांमागून येणारा उजेड हलू लागला, तेव्हा टिटवीने पंख झटकल्यासारखं वाटलं. तिच्या तीनशे बारा भोकांतून माझ्या पोटातली उष्ण हवा बाहेर पडू लागली. मला मोकळं वाटलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी रितिकाने पुन्हा सुरुवात केली. वीस मिनिटं गेली. अर्धा तास गेला. नत्थूजी दर थोड्या वेळाने टिटवीसमोर तळहात धरत. मध्येच एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "आज नाही जमत गा, भाऊ," ते कुजबुजले. "घरच्या कूलरचं काम चालू आहे." पन्हं तसंच राहिलं. पाच वाजून सोळा मिनिटांनी पडद्यावर काम पूर्ण झाल्याची ओळ आली, आणि सहाला अर्धा तास असतानाच चित्रपट महाविद्यालयाकडे रवाना झाला. प्रेमिलाने देवाला हात जोडले. नत्थूजी उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

गेल्या आठवड्यात रितिकाला मुलाखतीचं बोलावणं आलं. चित्रपट आवडला, म्हणून लिहिलं होतं. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हाताने बनवलेली एखादी वस्तू असेल तर घेऊन या, असंही. रितिकाने माझ्याकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे.

"मी येऊन काय बोलू तिथं?" नत्थूजी म्हणाले. "मोठमोठे लोक असतीन."

"तुमी नका बोलू, बाबा. डबा उघडून दाखवजा फक्त."

उद्या सकाळची गाडी आहे. प्रवेश मिळेल की नाही, कोणालाच माहीत नाही.

जाण्याआधी एक विनंती करतो, मित्रांनो. तुमच्या घरच्या डब्याला भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. महिन्यातून एकदा त्याच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. आणि कोणी तुमच्यासाठी आपल्या हाताने काही बनवलं, आणि ते पहिल्याच दिवशी बंद पडलं, तर पेचकस हातात असला तरी तिसऱ्या स्क्रूवर जरा थांबा. बनवणाऱ्याला जवळ बोलवा. दोघं मिळून आत पाहा. माझ्यासारख्या पत्र्याने उपदेश करू नये, हे मला कळतं. पण हे एवढं मी पोटातून अनुभवलं आहे.

नत्थूजी आत्ता उद्यासाठीचा इस्त्रीचा शर्ट घालून पाहत आरशासमोर उभे आहेत. तो शर्ट त्यांना सवयीचा नाही. मला वाटतं ते घाबरले आहेत. मीही घाबरलो आहे. पण आम्ही दोघंही जाणार आहोत.